गळकी रॅम

आज थोडं तांत्रिक. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली, आठवतंय? बाहेरून वीज आणायला या शहराकडे तारा कमी आहेत, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणून तर कुडूसहून आमच्या गोरेगावात, आरेपर्यंत, सुमारे ८० किलोमीटरची १००० मेगावॅटची लाईन. पण शहराची ही वीज फक्त आपल्या एसीला लागते असं नाही. चांदिवलीतली डेटा सेंटर्सही त्यातलीच गिऱ्हाईकं आणि तिथे आपलाच कोड चालतो!

सर्व्हरच्या विजेचा विषय निघाला की सगळे प्रोसेसरबद्दल बोलतात. रॅमकडे कुणी बघतच नाही. रॅममधला प्रत्येक बिट एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये असतो आणि तो गळका असतो. त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी रॅम पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर ३२ मध्येच. त्यात कामाचा डेटा आहे की कचरा, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

बरं, हिशोब करू. एका सर्व्हरमध्ये १६ रॅम, प्रत्येकी ३ वॅट धरा. वर्षाला ४२० युनिट झाले, तेही एसीचा खर्च सोडून. आणि असे सर्व्हर हजारोंनी.

चिपवाल्यांनी त्यांचं काम केलंय. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागायचे, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. आपण काय करतो? ८ जीबीत भागत असताना "असू दे बुवा" म्हणून ३२ मागतो. टेस्टिंगची मशीन्स शनिवार-रविवारीही चालूच!

इथे एक गोम आहे. नुसता आकडा कमी करून वीज वाचत नाही, कारण रॅम त्याच सर्व्हरमध्ये बसून गळतच राहते. सुटलेल्या जागेत दुसरी मशीन्स हलवून एखादा सर्व्हर पूर्ण बंद केला, किंवा पुढचा विकतच घेतला नाही, तरच खरी बचत. म्हणजे हे एकट्या डेव्हलपरचं काम नाही. मॅनेजर, ॲडमिन सगळ्यांनी मिळून करायचं.

माझं मत सरळ आहे. मेमरी मागताना महिनाभराचा खरा वापर दाखवायचा, नाहीतर मिळणार नाही. बॅकअपपुरती थोडी जादा ठेवा, जरूर ठेवा, पण मोजून. नवीन तारा टाकायला वर्षं लागतात, हे सोमवारपासून करता येतं.