चोर सोडून संन्याशाला फाशी!

काय दोस्तांनो, घरातला कॉम्प्युटर रुसला की पहिला ओरडा कोणाला बसतो? बरोबर, तुम्हालाच! गेल्या रविवारी शेजारचा सातवीतला मुलगा असाच रडवेला होऊन आला. "काका, ड्राइव्ह मी नाही हो बिघडवला! पण बाबांना पटतच नाही."

झालं होतं असं. त्याच्या आजोबांनी आपल्या आठवणी एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवल्या होत्या. नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली, की अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा काला! ते सॉफ्टवेअर चालायचं विंडोज ७ वर. म्हणून घरातल्या २०१३ सालच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ पुन्हा घालायचं ठरलं. आजोबांची फाइल आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, हे शहाणपणाचं केलं. मग यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह लावला, डिस्क घातली, 'इन्स्टॉल' दाबलं आणि पडद्यावर संदेश आला: डीव्हीडी ड्राइव्हला लागणारा ड्रायव्हर सापडत नाही!

आता गंमत बघा. कॉम्प्युटर सुरू झाला तो त्याच डिस्कवरून, आणि वर विचारतो, ड्राइव्ह कुठाय? काखेत कळसा अन् गावाला वळसा!

हा ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे हं. तो आहे दुभाष्या: विंडोजचं म्हणणं यंत्राला आणि यंत्राचं विंडोजला समजावणारा छोटासा प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्क वाचतो बायोस. हा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या चिपमध्येच बसलेला असतो. डिस्कवरचा सुरुवातीचा भाग मेमरीत आणून दिला की त्याचं काम संपतं. पुढचा कारभार विंडोजचा, आणि विंडोजला लागतात स्वतःचे दुभाषे.

घोळ इथेच होता. विंडोज ७ बाजारात आलं ऑक्टोबर २००९ मध्ये. यूएसबी ३.० तेव्हा अगदी नवं होतं आणि त्याचा दुभाष्या या डिस्कवर नव्हताच. तो आला २०१२ च्या विंडोज ८ बरोबर.

मी विचारलं, "ड्राइव्ह कुठल्या पोर्टमध्ये खोचलास?"

"निळ्या."

"आणि माऊस?"

"काळ्या. तो मस्त चालतोय की!"

सापडला चोर! निळा पोर्ट बहुतेक वेळा यूएसबी ३.० चा असतो, काळा २.० चा. आम्ही ड्राइव्ह काळ्या पोर्टमध्ये लावला, पहिल्यापासून सुरुवात केली आणि काय सांगू, संदेश गायब! ड्राइव्ह बिचारा निर्दोष होता. आमचा छोटा दोस्तही.

पण दरवेळी इतकं सोपं नसतं बरं का. २०१५ नंतरच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये काळा पोर्टही आतून ३.० च्याच यंत्रणेला जोडलेला असतो. तिथे यूएसबी ३.० चा ड्रायव्हर घालून डिस्क नव्याने तयार करावी लागते, नाहीतर ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या आत साटा केबलने जोडावा लागतो. कधी कधी डिस्कची नक्कलच खराब उतरलेली असते, तेव्हाही हाच संदेश येतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार कसं?

आणखी एक. १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. म्हणून त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

संध्याकाळी आजोबांच्या आठवणी पडद्यावर स्वच्छ मराठीत उमटल्या. बाबा लेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चुकलं रे माझं." आई-बाबांनो, तुम्हीही वाचताय ना?

या आठवड्याचा उद्योग: घरच्या कॉम्प्युटरला निळे पोर्ट किती, काळे किती, मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!