जांभ्याचे देऊळ पाडण्याआधी

कार्तिक सरता सरता सिंधुदुर्गात दहीकाल्यांच्या जत्रा सुरू होतात. त्याबरोबरच गावोगावी देवळाच्या जीर्णोद्धाराची बोलणीही निघतात. जुना जांभा काढून काँक्रीट घालावे, असा सूर हल्ली सहज लागतो.

आम्हांस अशा वेळी जुन्या गोव्यातील सांता मोनिका हा ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ आठवतो. १६०६ ते १६२७ या काळात उभारलेली ही वास्तू आपल्या देवळांसारखीच जांभ्याची. १६३६ साली ती आगीत सापडली, पुन्हा उभी राहिली. १८३४ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि १८८५ साली तेथील अखेरची संन्यासिनी निवर्तली. पुढे तेथे सैनिक राहिले, १९६४ मध्ये धर्मशिक्षणाची संस्था आली, नंतर संग्रहालयही आले. मालक आणि कामे पालटली. मधला चौक, कमानींच्या ओवऱ्या, भिंतींना बाहेरून दिलेले भक्कम धिरे मात्र जागेवर आहेत.

जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, वाऱ्याला कठीण होतो. परंतु सच्छिद्र असल्याने पाणी पितो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा लेप ती आतच कोंडतो. पुष्कळदा भिंत कुजते ती अशा दुरुस्तीमुळेच, आणि दोष मात्र जुनेपणाला!

देव तोच राहील, हे खरे. पण ज्या खांबाला टेकून आजोबांनी दशावतार पाहिला, तो पुन्हा कोठून आणावा? यंदाच्या बैठकीस कंत्राटदाराआधी चुन्याचे काम जाणणारा एखादा वृद्ध गवंडी बोलवावा, एवढीच गावकऱ्यांस आमची विनंती आहे.