वेलनेसचा हिशेब कुणाशी तुलना करून?

समूह आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाचे दिवस आले, की मनुष्यबळ विभागांत वाढलेल्या हप्त्याची चर्चा सुरू होते. त्याच सुमारास वेलनेस कार्यक्रम विकणारेही दारात येतात. चालण्याच्या स्पर्धा, योगवर्ग, आहारतज्ज्ञांची व्याख्याने, मोफत तपासण्या आणि शेवटच्या स्लाइडवर बचतीचा आकडा. हा आकडा निघतो कसा, हे खर्चाला मंजुरी देणाऱ्याला माहीत असायलाच हवे.

२०१० मध्ये कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. वेलनेसवरच्या एका डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर वाचतात, असे त्यातून दिसले. त्याच वर्षीच्या अमेरिकी आरोग्यसेवा कायद्याने अशा कार्यक्रमांतल्या आर्थिक सवलतींची मर्यादा वाढवली आणि या व्यवसायाला बळ मिळाले.

मग खरी कसोटी लागली.

इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकून करावी तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नाही. दोन्ही गटांच्या वैद्यकीय खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र कार्यक्रमात स्वतःहून उतरलेल्यांचा खर्च मुळातच कमी होता. त्यांची तुलना न उतरलेल्यांशी केली, की कार्यक्रमाने काहीच न साधताही बचत दिसते. अनेक जुन्या अभ्यासांची गफलत इथेच होती.

पुढे साँग आणि बेकर यांनीच बीजेज होलसेल क्लब या किरकोळ विक्री साखळीत मोठा प्रयोग केला. १६० ठिकाणे, सुमारे ३३ हजार कर्मचारी. त्यांपैकी २० ठिकाणी कार्यक्रम. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दीड वर्षानंतर नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रम नसलेल्या ठिकाणच्या ६१.९ टक्क्यांच्या तुलनेत कार्यक्रमाच्या ठिकाणी ६९.८ टक्के होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि उपचारखर्च यांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. स्वतःचा आधीचा निष्कर्ष इतक्या कठोरपणे तपासणाऱ्या या संशोधकांचे ऋण या क्षेत्राने मानले पाहिजे.

म्हणून योगवर्ग बंद करावेत असे नाही. लोकांना ते आवडत असतील, तर तेवढे कारण पुरेसे आहे. फक्त त्यांच्या नावावर बचत मांडू नये. कामाचे तास, रात्रपाळ्यांचे वेळापत्रक, जेवणाची सुट्टी, डॉक्टरकडे जाण्यासाठी पगारी रजा हे सारे व्यवस्थापनाच्या हातात असते. कर्मचाऱ्याच्या सवयी सुधारण्याआधी तिकडे पाहायला हवे.

आणि कार्यक्रम घ्यायचाच असेल, तर तो सर्वत्र एकदम सुरू करू नये. निम्मी केंद्रे चिठ्ठीने निवडावीत, उरलेल्यांना पुढच्या वर्षी संधी द्यावी आणि दोन्हींकडचे विमादावे व रजा वर्षअखेरीस शेजारी ठेवाव्यात. ही अट विक्रेत्याच्या करारातच लिहून घ्यावी.