वाजणे म्हणजे वाचणे नव्हे

छापील स्वरलिपीचे पान स्कॅनरखाली ठेवावे, कळ दाबावी आणि संगणकाने ते वाजवून दाखवावे, या खटाटोपाला सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे. १९६६ मध्ये डेनिस प्रुसलिन यांनी एमआयटीतील आपल्या प्रबंधात यंत्राकडून स्वरलिपी ओळखून घेण्याचा प्रयत्न केला. १९८४ मध्ये टोकियोच्या वासेदा विद्यापीठातील वाबोट-२ हा यंत्रमानव समोरचे पान कॅमेऱ्याने पाहून वाद्य वाजवू लागला. आज स्मार्टस्कोअरसारखे विकतचे पॅकेज किंवा ऑडिव्हेरिससारखे मुक्त सॉफ्टवेअर हे काम घरच्या संगणकावर करते. तंत्राविषयी माझी तक्रार नाही. समूहगायनात आपला भाग बसवू पाहणाऱ्या गायकाला किंवा ब्रेल स्वरलिपीची वाट पाहणाऱ्या अंध वादकाला त्याचा उपयोग होतो, आणि तो मोलाचा आहे. तक्रार आहे ती एका क्रियापदाविषयी. यंत्र स्वरलिपी 'वाचते' असे आपण बिनदिक्कत म्हणू लागलो आहोत, आणि फाइल वाजली की पान जतन झाले, हे खोटे समाधान त्याच क्रियापदातून येते.

एका साध्या बिंदूचे उदाहरण घेऊ. पाश्चात्त्य स्वरलिपीत स्वरचिन्हाच्या उजवीकडे बिंदू दिला तर त्याचा काळ दीडपट होतो. तोच बिंदू चिन्हाच्या डोक्यावर किंवा पायाशी आला तर स्वर तुटक घ्यायचा असतो. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू, त्याच जागी, मंद्र सप्तक दाखवतो! विष्णु नारायण आणि विष्णु दिगंबर या समकालीन, मराठी, समध्येयी माणसांच्या हाती एकाच ठिपक्याचे अर्थ दोन सप्तकांनी दुरावले. ठिपका दिसणे ही दृष्टीची बाब आहे. तो कोणत्या परंपरेतला आहे हे जाणणे म्हणजे वाचन. यंत्राला आधी कुणीतरी परंपरा सांगावी लागते. सांगणारा तो माणूसच खरा वाचक, आणि नेमका त्याचाच उल्लेख फाइलीत नसतो.

'पण वाजवून पाहिले की चूक कळतेच', असा युक्तिवाद यावर नेहमी होतो. तो तपासून पाहावा. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीत प्रत्येक स्वराला एक क्रमांक असतो. मध्य सप्तकातील 'एफ शार्प' आणि 'जी फ्लॅट' या दोहोंचा क्रमांक एकच, ६६. वाजवताना फरक शून्य. रचनेच्या व्याकरणात मात्र एक 'डी मेजर'च्या घरचा, दुसरा 'डी फ्लॅट मेजर'च्या. 'दिन' आणि 'दीन' ऐकायला सारखेच वाटतात म्हणून शब्दकोशातली एक नोंद कुणी गाळील काय? म्युझिक एक्सएमएलसारखी नंतरची रूपे हा भेद राखू शकतात, हे खरे. पण यंत्राने तो चुकवला तर कानाने तपासणाऱ्याला ती चूक ऐकूच येत नाही. उच्चारावरून शुद्धलेखन तपासण्यासारखाच हा प्रकार. बेसूर वाजणारी चूक निदान स्वतःची चुगली करते. भय आहे ते गोड वाजणाऱ्या चुकीचे.

आपल्याकडे तर प्रश्न याहून गंभीर आहे. बाजारातील ही पॅकेजे पाच रेषांच्या स्वरलिपीसाठी घडली आहेत. भातखंड्यांची सहा भागांची क्रमिक पुस्तकमालिका मुळात मराठीत लिहिली गेली आणि तिचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत. घराण्यांच्या कंठात कोंडलेल्या शेकडो बंदिशी तिने कागदावर आणल्या. पण त्या पानावरची अक्षरे देवनागरी आणि चिन्हे संगीताची. देवनागरी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तार षड्जाचा बिंदू अनुस्वार वाटणार, मंद्राचा बिंदू नुक्ता वाटणार, आणि कोमल गंधाराखालची आडवी रेघ कुणीतरी मारलेली अधोरेखा वाटणार. स्वरांखालचा अर्धचंद्र एका मात्रेत किती स्वर ते सांगतो, स्वरांवरचा कंस मींड सांगतो. यंत्राला त्या दोन वक्र रेघा. म्हणजे 'यंत्राला वाचता येते तेवढेच जतन' हा निकष मान्य केला, तर आधुनिक मराठीतील एक थोर ग्रंथ निव्वळ चित्र ठरतो.

यावर दोन बाजूंनी हरकती येतील. उत्साही म्हणतील, थोडे थांबा, नवे यंत्र हेही शिकेल. शिको बापडे! पण ते शिकणार कशावरून? जाणत्यांनी वाचून, तपासून दिलेल्या पानांवरूनच. शुद्धिवादी म्हणतील, आपले संगीत मुखोद्गत, कागदाचा एवढा बाऊ कशाला? भातखंड्यांनाही हेच ऐकावे लागले होते. कागद गळ्याची जागा घेत नाही हे मान्यच. पण गळा मिटल्यावर उरतो तो कागदच, आणि तोही चुकीचा उरला तर दाद कुणाकडे मागायची?

'दाद' हाच कळीचा शब्द आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती स्वतःच्या नावानिशी आणि शकानिशी. त्यांच्या पाठाशी वाद घालता येतो, कारण त्यामागे उत्तरदायी माणूस उभा आहे. राजवाड्यांनी १९०९ मध्ये वेगळी प्रत छापली, तिच्याशीही वाद घालता येतो. पाठसंशोधन या भांडणांवरच जगते. यंत्राने उतरवलेल्या फाइलीशी भांडता येत नाही; तिथे संशयित स्थळ नसते, पाठभेद नसतो, संपादक नसतो.

म्हणून विद्यापीठांतील संगीत आणि मराठी या दोन विभागांनी, एकमेकांकडे बोट न दाखवता, हे काम अंगावर घ्यावे. मूळ पानाचे चित्र, शेजारी माणसाने तपासलेला संगणकीय पाठ, संशयित जागांवर खूण, आणि खाली वाचणाऱ्याचे नाव. यंत्राने कच्ची प्रत करून द्यावी, खुशाल द्यावी. आपल्याकडे पूर्वी लेखनिकही ते करीत. पण लेखनिकाला भाष्यकार म्हणण्याची चूक तेव्हा कुणी केली नाही.