वाय-डीएनएची वंशावळ आणि कागलचा वारसा

पूर्वी आमच्या भागात हेळवी दारात येत आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवीत. आता गालाच्या आतून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवला की वाय-डीएनए चाचणीने बापाकडची वंशावळ पडताळता येते. ही चाचणी नेमके काय सांगते आणि तिच्या हाती काय सोपवू नये, याचा विचार चळवळीने आताच केला पाहिजे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जवळजवळ जसेच्या तसे मिळते. दोन पुरुष एकाच मूळ पुरुषाचे वंशज म्हणवत असतील, तर या गुणसूत्रावरील ३७ किंवा १११ खुणा ताडून पाहतात. खुणा जुळल्या तर बापाकडून दोघांचा पूर्वज एक होता, एवढे कळते. तो कोण, हे कळत नाही. दहा पिढ्यांमागे माणसाला १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. चाचणी त्यांतल्या एकाच पुरुषाची रेघ धरते. आई, आजी, पणजी तिच्या लेखी नाहीतच!

आता कागलकडे पाहा. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव हे कागलच्या आबासाहेब घाटगे यांचे पुत्र. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. वाय-डीएनए लावला तर खूण घाटग्यांचीच निघेल. म्हणून ते छत्रपती नव्हते काय? पुढे १९४७ साली दत्तक आलेले शहाजी महाराज देवासच्या पवार घराण्यातले, पण शाहूंच्या कन्या आक्कासाहेब यांचे पुत्र. म्हणजे शाहूंचे रक्त गादीवर परतले ते लेकीकडून. या चाचणीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

१८९९ साली ज्यांनी शाहूंना वेदोक्त मंत्र नाकारले, त्यांनी कर्तृत्व नव्हे, कूळ पाहिले होते. त्याच शाहूंनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या आणि मार्च १९२०मध्ये, तेव्हाच्या कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे उचलून धरले. त्या दोघांत गुणसूत्राची कोणती खूण जुळत होती?

खरा धोका पुढे आहे. आपल्याकडे जात पडताळणीला बापाकडचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. ज्या घरांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी शाळेचा दाखला आणायचा कुठून? उद्या कुणी म्हणेल, कागद नसेल तर डीएनए द्या. हेलपाट्यांनी दमलेल्या आपल्या माणसालाही ते सोपे वाटेल. पण वाय गुणसूत्रावर जात लिहिलेली नसते. ब्राह्मणांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा आर-१-ए गट चेंचू आदिवासींतही सापडला आहे. नाकाच्या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, हे बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये दाखवून दिलेच होते.

आंतरजातीय विवाहातील मूल आईच्या समाजात वाढले आणि त्या समाजाचे चटके त्याने सोसले, तर ते सिद्ध करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिली. बापाचे गुणसूत्रच पुरावा ठरले, तर त्या मुलाने कुठे जायचे? शिवाय खुणा जुळल्या नाहीत की संशय जातो तो घरातल्या बाईवर. मुलांच्या डीएनए चाचणीचे आदेश सरसकट देऊ नयेत, हे याच न्यायालयाने २०२३ साली बजावले आहे.

हौसेने कुणी आपली वंशावळ तपासून घेतली तर आमची हरकत नाही. पण पडताळणी समितीच्या टेबलावर या चाचणीला जागा नको. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरे, वतनाचे कागद, शाळांच्या नोंदी सरकारी दप्तरातच पडून आहेत. त्या शोधून देण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. जात लादली समाजाने. तिचा पुरावा आमच्या रक्तात कशाला शोधता?