मृगांचें पंचांग

उत्तर अमेरिकेंत ऑक्टोबर महिना सरत आला कीं गांवोगांवच्या शिकारी मंडळींत एकच चर्चा सुरू होते : यंदा हरिणांचा माज केव्हां ? रजा कोणत्या आठवड्याची मागावी, रानांत मचाण केव्हां बांधावें, पहांटे किती वाजतां निघावें, हें सर्व त्या एका उत्तरावर अवलंबून असतें. कोणी चंद्राकडे पाहतो, कोणी थंडीकडे, तर कोणी वडिलांनीं लिहून ठेवलेल्या जुन्या वहीकडे. या प्रश्नाचें खरें उत्तर काय आणि तें कसें सांपडलें, हें या वेळीं आम्ही वाचकांस सांगणार आहों.

'शिकारीशीं आपल्या घरांचा काय संबंध ?' अशी शंका आमच्या कित्येक वाचकांच्या, विशेषतः भगिनींच्या मनांत येईल. आणि ती रास्तच आहे. मनुस्मृतींत राजाच्या कामज व्यसनांची गणना करितांना मृगयेचें नांव पहिलें येतें. आश्रममृगावर बाण सोडूं पाहणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवितो, हा शाकुंतलांतील प्रसंग संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आपल्या देशांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरिणाची शिकार हा गुन्हाच आहे. तेव्हां शिकारीची भलावण करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या प्रश्नांतील दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक अशी कीं, सृष्टि सूर्याच्या गणनेनें चालते कीं चंद्राच्या, हा आपल्या पंचांगाइतका जुना प्रश्न येथें एका प्राण्यापुरता तरी प्रत्यक्ष मोजमापानें सुटला आहे. दुसरी अशी कीं, ज्यांचीं मुलें-नातवंडें आज न्यू जर्सी, पेनसिल्व्हानिया, मिशिगन, ओंटारिओ अशा ठिकाणीं नांदत आहेत, त्यांच्या जिवाशीं या माजाचा निकट संबंध आहे. तो कसा, तें शेवटीं येईल.

ज्या हरिणाविषयीं आपण बोलत आहों, त्याला तिकडे 'पांढऱ्या शेपटीचें हरिण' म्हणतात. एरवीं त्याचा रंग तांबूस-करडा; पण भय वाटतांच तें शेपूट उभारतें आणि खालची पांढरी बाजू निशाणासारखी फडकते. कॅनडाच्या दक्षिण भागापासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत त्याचा संचार आहे. इ. स. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळें संयुक्त संस्थानांत हीं हरिणें अवघीं तीन ते पांच लक्ष उरलीं होतीं. पुढें कायदे झाले, शिकारीच्या मुदती ठरल्या, आणि १९३७ च्या एका कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्यप्राण्यांच्या संवर्धनास लावून दिलें. आज त्यांची संख्या सुमारें तीन कोटी मानतात. या वाढीबरोबर त्यांच्या मीलनकालाची माहिती शिकाऱ्यालाच नव्हे, तर सरकारी खात्यांनाहि आवश्यक होऊन बसली. कारण शिकारीची मुदत केव्हां ठेवावी, हें त्या कालावरून ठरवावें लागतें.

नराच्या डोक्यावरचीं शिंगें वसंतांत उगवूं लागतात व उन्हाळाभर मखमली कातडीखालीं वाढतात. सप्टेंबरच्या सुमारास ती कातडी झडून शिंगें उघडीं पडतात. मग नर झाडांच्या बुंध्यांवर शिंगें घासतो, खुरांनीं जमीन उकरून तेथें आपला वास ठेवतो, आणि इतर नरांशीं झुंजूं लागतो. मीलनकालाच्या धामधुमींत त्याला खाण्याचीहि शुद्ध राहत नाहीं. त्याचें वजन पंचमांशानें किंवा त्याहूनहि अधिक घटतें. हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत तींच शिंगें गळून पडतात. मादी मात्र एके वेळीं एक ते दोन दिवसच माजावर असते. त्या अवधींत गर्भ न राहिला, तर सुमारें चार आठवड्यांनीं ती पुन्हा माजावर येते. ही तिची घडी चुकली, तर पुढच्या पिढीचेंहि वेळापत्रक चुकतें.

तें कसें, हें पाहणें जरूर आहे. या हरिणीचा गर्भकाल सुमारें दोनशें दिवसांचा असतो. नोव्हेंबरच्या १५ तारखेस गर्भ राहिला, तर पाडस जूनच्या ३ तारखेच्या सुमारास जन्मतें. उत्तर अमेरिकेंत तेव्हां बर्फ वितळून गेलेलें असतें, कोंवळा पाला फुटलेला असतो, आणि आईला भरपूर दूध येतें. पाडस महिनाभर आधीं जन्मलें, तर थंडीनें मरावयाचें. महिनाभर उशिरां जन्मलें, तर पुढचा हिंवाळा सोसण्याइतकें अंग धरण्यास त्याला अवधि मिळावयाचा नाहीं. ज्यांची वेळ साधली त्यांचाच वंश वाढला. अशा रीतीनें सहस्रावधि वर्षांत ही वेळ त्यांच्या रक्तांत भिनून गेली.

पण रानांतल्या हरिणाला तारीख कळावी कशी ? येथें सूर्य व चंद्र असे दोन पक्ष उभे राहतात.

चंद्राचा पक्ष १९९० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क राज्यांतील लेखक व छायाचित्रकार चार्ल्स आल्शायमर आणि व्हर्मांटचे जीवशास्त्रज्ञ वेन लारोश यांनीं हिरीरीनें मांडला. शरत्संपातानंतर, म्हणजे २२-२३ सप्टेंबरनंतर, जी दुसरी पौर्णिमा येते, तिच्या प्रकाशानें माद्यांचा माज उद्दीपित होतो, असें त्यांचें मत. दरवर्षीं त्यावरून तारखा छापून येत आणि हजारों शिकारी त्यांवर आपल्या रजा बेतीत. हे लोक कांहीं भोळे नव्हते. वर्षानुवर्षें रानांत बसून त्यांनीं निरीक्षण केलें होतें. तथापि हें मत आपल्या पंचांगावर घासून पाहिलें तर त्यांतली अडचण चटकन् ध्यानांत येते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान; म्हणूनच आपण अधिकमास धरून दोहोंचा मेळ घालतों. २०२० सालीं अधिक आश्विन आला होता. त्या वर्षीं संपातानंतरची दुसरी पौर्णिमा म्हणजे आपली कोजागिरी, आणि ती ३१ ऑक्टोबरच्या सुमारास पडली. २०२१ सालीं मात्र दुसरी पौर्णिमा म्हणजे त्रिपुरी, ती १९ नोव्हेंबरच्या सुमारास आली. हरिणें जर पौर्णिमेच्या तालावर चालत असतीं, तर या दोन वर्षांत त्यांचा माज जवळजवळ तीन आठवडे मागेंपुढें व्हावयास हवा होता, आणि पाडसांचे जन्महि तितकेच !

असें होतें कीं नाहीं, हें मोजावयाचें कसें ? या मोजणींत मोठीं यंत्रें नाहींत. हिंवाळ्यानंतर रस्त्यावर मोटारींच्या धडकेनें ज्या माद्या मरतात, त्यांच्या उदरांतील गर्भाची लांबी मोजतात. गर्भाची वाढ ठराविक गतीनें होत असल्यामुळें लांबीवरून त्याचें वय निघतें, आणि वय मागें मोजीत गेलें कीं गर्भधारणेचा दिवस हातीं येतो. पेनसिल्व्हानिया राज्याच्या वन्यजीव खात्यानें इ. स. २००० नंतर कित्येक वर्षें हजारों माद्यांची अशी तपासणी केली. इतर राज्यांतहि असेंच काम झालें. निष्कर्ष एकच निघाला : उत्तरेकडील राज्यांत पौर्णिमा लवकर येवो वा उशिरां, बहुसंख्य प्रौढ माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आगेंमागेंच गाभण राहतात. चंद्र बदलला, तारीख बदलली नाहीं.

सूर्याच्या पक्षाचा पुरावा याहूनहि मनोरंजक आहे. शरद् ऋतूंत दिवस लहान होऊं लागले कीं मेंदूंतील पिनिअल ग्रंथींतून मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य रोज अधिक काळ स्रवतें. रात्र जितकी लांब, तितका हा स्राव लांब. शरीराला ऋतूची वर्दी याच मार्गानें मिळते, आणि तीवरून नरांत व माद्यांत मीलनकालाचीं द्रव्यें जागृत होतात. १९६० नंतरच्या दशकांत ब्राऊन विद्यापीठांतील रिचर्ड गॉस यांनीं जपानी सिका जातीचीं हरिणें कृत्रिम प्रकाशांत ठेविलीं आणि वर्षभराचा दिवस-रात्रींचा चढउतार सहा महिन्यांत बसविला. त्या हरिणांनीं एका वर्षांत दोनदां शिंगें टाकून दोनदां नवीं उगविलीं. दुसरा पुरावा न्यूझीलंडचा. १९०५ सालीं पांढऱ्या शेपटीचीं हरिणें अमेरिकेंतून तिकडे नेऊन सोडण्यांत आलीं. दक्षिण गोलार्धांत ऋतु उलटे. त्याबरोबर हरिणांचें वेळापत्रकहि उलटलें, आणि आज त्यांचा माज एप्रिल-मे महिन्यांत येतो. चंद्र तर दोन्ही गोलार्धांत एकच उगवतो.

याचें मर्म समजण्यासाठीं पुणें व न्यूयॉर्क यांची तुलना करावी. पुण्यास वर्षांतला सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान अकरा तासांचा. न्यूयॉर्कास तोच फरक सुमारें पंधरा तासांपासून सव्वानऊ तासांपर्यंत. जेथें दिवसाचें मान इतकें बदलतें, तेथें त्याच्याइतकें विश्वासू पंचांग दुसरें नाहीं. थंडी एखाद्या वर्षीं लवकर पडेल, एखाद्या वर्षीं उशिरां. परंतु १५ नोव्हेंबरचा दिनमान गेल्या वर्षीं होता तेवढाच यंदा असतो.

या नियमाला अपवाद दक्षिणेकडे सांपडतात. फ्लोरिडाच्या दक्षिण टोंकास माज जुलै-ऑगस्टांत सुरू होतो, टेक्सासच्या दक्षिण भागांत डिसेंबरांत, तर अलाबामांत पुष्कळ ठिकाणीं जानेवारींत. तेथें हिंवाळा सौम्य असल्यामुळें पाडसाच्या जन्माच्या वेळेवर निसर्गाचा तितका कडक पहारा नाहीं. शिवाय हरिणें नष्टप्राय झालीं असतां निरनिराळ्या प्रांतांतून आणून सोडलेलीं. तीं आपल्या पूर्वजांचें वेळापत्रक बरोबर घेऊन आलीं. अलाबामांतील बँकहेड अरण्याच्या परिसरांत मिशिगनहून आणलेल्या हरिणांचे वंशज आजहि शेजाऱ्यांच्या पुष्कळ आधीं, नोव्हेंबराच्या सुमारास, माजावर येतात. कोंकणांतून देशावर येऊन पिढ्या लोटल्या तरी घरचे कुळाचार सुटत नाहींत, तसाच हा प्रकार. म्हणून कोणत्याहि ठिकाणचा माज सांगावयाचा, तर त्या ठिकाणचीच नोंद पाहिली पाहिजे.

मग जुने अनुभवी शिकारी 'यंदा माज उशिरां आला' असें जें दरवर्षीं म्हणतात, तें सर्वस्वीं खोटें काय ? तसें नाहीं. माज येणें ही एक गोष्ट आणि माज दिसणें ही दुसरी. अंगावर हिंवाळ्याची दाट लव आलेल्या नराला उबदार दिवसांत हिंडणें सोसत नाहीं. तो रात्रींच फिरतो, आणि मचाणावरच्या माणसाला रान सुनें भासतें. थंडीची लाट आली कीं तोच नर भर दिवसा दिसूं लागतो. आणखी एक मौज अशी कीं, नर सर्वांत अधिक धांवाधांव करतो ती मीलनाच्या ऐन दिवसांत नव्हे, तर त्याच्या थोडे आधीं, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट व नोव्हेंबरचा पहिला आठवडा या सुमारास, जेव्हां तो मादीच्या शोधांत असतो. मादी मिळाली कीं तो तिच्याजवळ एकाच झाडींत दिवस काढतो, आणि पाहणारा म्हणतो, 'माज संपला !' तेव्हां शिकाऱ्यानें रजा तारीख पाहून घ्यावी, आणि रोज पहांटे जावयाचें कीं नाहीं, तें हवा पाहून ठरवावें. पुढच्या जूनांत पाडसें वेळेवर जन्मलेलीं आढळतात, तेव्हां 'उशिरां आलेल्या' माजाचा उलगडा होतो.

आतां जी गोष्ट आम्हीं शेवटासाठीं राखून ठेविली होती, तिजकडे वळूं. माजानें वेडावलेला नर रस्ता, मोटार, दिवे कांहीं पाहत नाहीं. मादी त्याच्यापासून पळते, तीहि तशीच. म्हणूनच त्या देशांत हरिणांशीं मोटारींच्या धडका नोव्हेंबरांत सर्वांत अधिक होतात. त्यांत भर अशी कीं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं तेथील बहुतेक ठिकाणीं घड्याळें एक तास मागें घेतात. त्यामुळें कचेरींतून घरीं परतण्याची वेळ आणि संधिप्रकाशांत हरिणें बाहेर पडण्याची वेळ एकच होऊन बसते. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, घड्याळें मागें घेतल्यानंतरच्या आठवड्यांत अशा धडका सुमारें १६ टक्क्यांनीं वाढतात. त्यांत हरिणें मरतातच, माणसेंहि मरतात.

ज्यांचें कोणी तिकडे आहे, त्यांनीं दिवाळीच्या सुमारास जें पत्र अथवा निरोप धाडावयाचा, त्यांत फराळाच्या चौकशीबरोबर एवढें अवश्य कळवावें : नोव्हेंबर संपेपर्यंत सूर्यास्तानंतरच्या दोन तासांत व पहांटे मोटार हळू चालवावी, विशेषतः रानालगतच्या रस्त्यावर. एक हरिण रस्ता ओलांडून गेलें तर मागून दुसरें येणार असें समजून थांबावें. हरिण अगदीं समोर आलेंच, तर ब्रेक दाबावा, पण गाडी एकाएकीं वळवूं नये. झाडावर किंवा समोरच्या गाडीवर आदळणें हें हरिणावर आदळण्याहून पुष्कळदां अधिक घातक ठरतें. पौर्णिमा कोणती, हें या कामीं पाहण्याची गरज नाहीं. नोव्हेंबर लागला एवढें पुरे.