प्रचारकानें उणेंहि सांगावें

चांगल्या गोष्टीचा प्रचार करतांना तिचे गुण तेवढे सांगावे व उणिवा झांकून ठेवाव्या, अशी जगाची रीत आहे. ती घातक आहे असें आमचें मत झालें आहे. हें मत पुस्तकांतून आलेलें नसून, सौर ऊर्जेचा प्रसार करणाऱ्या एका पर्यावरणसंस्थेंत गेल्या सुट्टींत आम्हीं जी महिनाभर उमेदवारी केली, तींतून बनलेलें आहे.

सौर विजेचे गुण थोर आहेत, यांत शंका नाहीं. १८३९ सालीं फ्रान्समध्यें बेकरेल ह्यांनीं प्रकाशापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हें दाखविलें. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला. तो प्रकाशाचा शेंकडा सहा भागच विजेंत पालटीत असे. आजचीं चांगलीं पॅनेलें शेंकडा वीस भाग पालटतात. आपल्याकडे एक किलोवॉटचा संच दिवसास सरासरी चार युनिटें वीज देतो. आणि २०२४ सालीं सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविलें गेलें.

परंतु एवढ्यावर थांबणें म्हणजे अर्धेंच सत्य सांगणें होय. पॅनेलास ऊन हवें, उष्णता नको. म्हणून वैशाखाच्या तापलेल्या दुपारीं त्याची शक्ति घटते. शेजारच्या आंब्याची सावली पडली, तरी उत्पन्न बरेंच कमी होतें. धूळ वारंवार धुवावी लागते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, बॅटरी नसलेला संच गांवची वीज गेली कीं आपणहि बंद पडतो. तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनला धक्का बसूं नये, म्हणून तशी योजनाच केलेली असते.

एका वृद्ध बाईंनीं आम्हांस नेमकें हेंच विचारलें, “बाळांनो, पावसाळ्यांत लाइट गेली, तर तुमचा दिवा लागेल ना?” संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं स्पष्ट सांगितलें, “नाहीं, आजी. त्यासाठीं बॅटरी घ्यावी लागेल, व तिचा खर्च निराळा.” आजींनीं नकार दिला. हातचें एक घर गेलें, याचें आम्हांस वाईट वाटलें.

पुढल्याच आठवड्यांत आम्ही एका वाडीवर गेलों. तेथें पूर्वीं कोणा दात्यानें सौर दिव्यांचे खांब उभे करून दिले होते. बॅटरी कांहीं वर्षांत झिजते व बदलावी लागते, हें मात्र वाडीकरांस कोणीं सांगितलें नव्हतें. त्यासाठीं पैसाहि शिल्लक टाकलेला नव्हता. दिवे विझले होते, आणि एका खांबास म्हैस बांधलेली होती. आमचें बोलणें ऐकण्यास कोणी बसलेंच नाहीं. खरें बोलून एक घर गेलें होतें. खरें न सांगितल्यामुळें अख्खी वाडी गेली होती.

कोणी म्हणेल कीं, देशांतील निम्म्याहून अधिक वीज आजहि कोळशापासून होते, काम तांतडीचें आहे, तेव्हां लोकांस बिचकवूं नये. आमचें उत्तर असें कीं, काम तांतडीचें आहे म्हणूनच लोकांचा विश्वास गमावणें परवडणार नाहीं. फसलेला मनुष्य दुसऱ्यानें आणलेल्या खऱ्या वस्तूसहि दाराबाहेर ठेवतो.

पालक विचारतात, “असल्या उमेदवारीस परीक्षेंत गुण किती?” गुण एकहि नाहीं. परंतु नकार मिळेल हें ठाऊक असूनहि खरें कसें बोलावें, हें वर्गांत बसून शिकतां येत नाहीं. सुट्टींतील एक महिना त्यासाठीं खर्च झाल्यास तो वायां गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

पालकांस शेवटीं एकच विनंति. आपल्या घरीं संच बसविण्यासाठीं कोणी आल्यास त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावे: छपरावर सावली कोठून पडेल, वीज गेल्यावर काय होईल, आणि पांच वर्षांनीं दुरुस्तीस कोण येईल? जो या तिन्हींचीं सरळ उत्तरें देईल, त्यास घरांत बोलावून बसवावें.